माथेरानकडे तोंड केलेली छत्री

कशेळे, ११ नोव्हेंबर २०२४

मेघा,

जय भीम.

माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे आप्पा आणि मी, आई गेल्यापासून दोघंच.

तुझा जर्मनीतला, ब्रेमेनचा पत्ता मी एका कार्डावरून उतरवून घेतला. लोधिवलीचा राकेश तुला आठवत असेल, आप्पांकडे मोर्स शिकायला एसटीने यायचा तो. आता चौक गावात त्याचं वायरिंगच्या सामानाचं दुकान आहे. त्याने सॅटेलाइटवरून तुझं बोलणं ऐकलं, ऐकल्याचं तुला कळवलं आणि तू त्याला हॅम रेडिओवाल्यांच्या रीतीप्रमाणे पोचेचं कार्ड धाडलंस. ते कार्ड घेऊन तो मागच्या महिन्यात आमच्याकडे आला. "दामूकाका," आप्पांना म्हणाला, "मेघा दर रविवारी आपल्या साडेपाचला असते. चार-पाच देशांतली माणसं असतात, त्यात ती. आवाज असा येतो, जसं काय बाजूच्या खोलीत बसलीय."

आप्पांच्या हातात चहा होता. त्यांनी कप खाली ठेवला तो बशीत ठेवलाच नाही, तिच्या बाजूला ठेवला. "आपल्या मेघाचा आवाज?" एवढंच म्हणाले. कार्ड त्यांनी परत दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता मला सांगितलं, "उजू, सॅटेलाइटची छत्री बसवायची." बाकी काय बोलले ते लिहीत नाही.

आपलं शेवटचं बोलणं झालं त्याला चार वर्षं झाली. तेव्हा मी तुला जे सांगितलं, की आप्पांना तुझ्याशी बोलायचं नाही, त्यात आज काही बदल झालाय असं समजू नकोस. म्हातारपणी माणूस कसलाही हट्ट धरतो, तसा हा एक.

पण मला वाईट वाटलं, ते का लपवू? मी एकोणपन्नास वर्षांची झाले. त्यांच्या गोळ्या, त्यांचा चष्मा, डाव्या कानाचं मशीन जे ते लावत नाहीत, सगळं माझ्याकडे. दुरुस्तीचं दुकान माझ्याकडे. दिवसभर मी त्यांच्याशी बोलते आणि ते पेपरातून मान वर न काढता हूं म्हणतात. तुझा आवाज ऐकायला मात्र त्यांना छत्तीस हजार किलोमीटर वर असलेला सॅटेलाइट हवा.

सत्याण्णव सालची हॅम लायसनची परीक्षा तुला आठवते का गं? तुला आठवणारच नाही, तू पास झालीस. दोघींचे अर्ज भरले होते. आदल्या दिवशी आप्पा म्हणाले, "उजू, तू दुकानात थांब. गणपती जवळ आलेत, लोकांचे टेप पडून हायत." मी मोर्सचे मिनिटाला बारा शब्द घ्यायची, तू आठ. तू मुंबईला जाऊन परीक्षा देऊन आलीस, लायसन आलं तेव्हा आप्पांनी गावात पेढे वाटले. पुड्या मी बांधल्या.

आता कामाचं. मला दोन ओळींचं पत्र पाठव की रविवारचं बोलणं तू बंद केलंयस. खोटं असलं तरी चालेल. मी ते त्यांना दाखवीन आणि हे खूळ संपेल.

उज्वला

*

कशेळे, २५ नोव्हेंबर २०२४

मेघा,

तुझं उत्तर नाही. टपालाला वेळ लागतो हे मला माहीत आहे, पण आप्पा थांबणाऱ्यातले नाहीत.

छत्री राकेशने दिली, तीन फुटी, जुनी, पण पत्र्याला कुठे पोचा नाही. मी लोधिवलीला जाऊन घेऊन आले. चौकपासून कर्जतपर्यंत टेंपोत, पुढे कशेळ्याच्या जीपच्या टपावर. जीपवाला म्हणाला, "ताई, मॅच दिसती का यात?" मी म्हटलं, नाही. "मग काय दिसतं?" मी म्हटलं, काही दिसत नाही, ऐकू येतं. 

तुला हे सगळं पाठ असेल, तरी मी कसं केलं ते लिहिते, कारण केलंय मी. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या बाजूला पाइप सिमेंटमध्ये बसवला. पाइप सरळ नसेल तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून ओळंबा लावून चारी बाजूंनी पाहिलं. गावातल्या सगळ्या टीव्हीच्या छत्र्या आग्नेयेला, म्हणजे आपल्या मागच्या अंगाला बघतात. आपली त्यांच्या उलट, पश्चिमेला, माथेरानच्या डोंगराच्या जरा डावीकडे. शेजारच्या अंबूबाई खालूनच ओरडल्या, "उज्वला, अगं पाठमोरी बसवलीस गं!" आता येता जाता लोक तेच सांगतात. मेस्त्री असून उलटी बसवली म्हणून हसतात.

छत्री जवळजवळ उभीच ठेवावी लागली. बघणाऱ्याला वाटतं डोंगरात रोखलीय, पण तिची नजर वर जाते. आड येणाऱ्या जांभळाच्या दोन फांद्या तोडल्या. समोरच्या दांड्यावर एलएनबी बसवला. आप्पा त्याला नाक म्हणतात. वरून येणारा आवाज इतका बारीक आणि इतक्या उंच फ्रिक्वेन्सीचा असतो की साध्या रिसीव्हरला तो कळतच नाही. नाक तो हुंगतं आणि खालच्या फ्रिक्वेन्सीवर उतरवून वायरीतून घरात पाठवतं. राकेशने बोटाएवढा रिसीव्हर दिला, तो लॅपटॉपला लावला. वायर मी स्वतः जोडली, एकही सांधा कच्चा नाही.

सतरा तारखेला रविवारी आप्पा पाच वाजल्यापासून लॅपटॉपसमोर बसले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी गच्चीवर छत्री तसूतसूने सरकवत होते आणि खाली विचारत होते, "आलं का?" ते म्हणत होते, "खरखर हाय नुसती." साडेसहाला अंधार पडला. काल पुन्हा तेच. पुन्हा खरखर.

आप्पा मला म्हणाले, "तू नीट केलंयस ना गं?" मी म्हटलं, आप्पा, मी कधी काही वाकडं केलंय?

खरं लिहायचं तर मला त्या खरखरीचं वाईट वाटलं नाही. दोन्ही रविवारी रात्री मला छान भूक लागली.

उज्वला

*

कशेळे, ९ डिसेंबर २०२४

मेघा,

आप्पा काल गच्चीवर पडले. उजवं मनगट मोडलंय. आज कर्जतला नेऊन प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, हाड जाग्यावर आहे, सहा आठवड्यांत काढू. काळजीचं कारण नाही. डोक्याला लागलेलं नाही.

कसं झालं ते सांगते. सहा तारखेला या वर्षी ते चैत्यभूमीला जाऊ शकले नाहीत, गर्दीत मीच जाऊ दिलं नाही. त्याचा राग डोक्यात होता. काल संध्याकाळी मी बाजारातून उशिरा आले तर घरात नव्हते. वरून हाक आली. एकोणऐंशी वर्षांचा माणूस एकटा जिना चढून गेला होता आणि छत्रीच्या दांड्याला धरून नाकाशी खटपट करत होता. खाली लॅपटॉप चालू करून ठेवला होता. मला म्हणाले, "उजू, घरात जा आणि सांग आलं का. मी फिरवतो." मी घरात गेले. आलं नव्हतं. मी तसं सांगितलं. ते आणखी वाकले, टाकीखालच्या ओल्या जागेवर पाय गेला आणि हातावर पडले.

आता ते निजून आहेत. डाव्या हाताने जेवता येत नाही, मी भरवते. मुकाट्याने खातात.

छत्री मी कापडाने झाकून ठेवली आहे. राकेशला सांगितलं, हे आमच्याकडे लागत नाही, घेऊन जा. तो म्हणाला, "ताई, आधी मी येऊन बघतो. एवढ्या मोठ्या छत्रीवर नाही लागत म्हणजे काय?" त्याला मी येऊ नको म्हटलं.

तूही थंडीत जप. खोकला अंगावर काढू नकोस, घसा अगदी बसलाय तुझा.

उज्वला

*

कशेळे, ३० डिसेंबर २०२४

मेघा,

तुझं पत्र परवा आलं. माझ्या पहिल्या पत्राला तू चारच ओळींचं उत्तर दिलंस, पण त्यातली एक ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस. "ताई, आप्पांना माझ्याशी बोलायचं नसेल तर ते माझा आवाज ऐकायला छत्री कशाला बसवतील?"

तू हुशार आहेस. माझं मागचं पत्र आता तुला मिळालं असेल, तर त्यातली शेवटची ओळही तुझ्या नजरेतून सुटली नसेल. आवाज आला नव्हता, तर तुझा घसा बसल्याचं मला कुठून कळलं?

आला होता. मी घरात पाऊल टाकलं तेव्हा लॅपटॉपमधून तू बोलत होतीस. ब्राझीलच्या कुणा माणसाला इंग्रजीत सांगत होतीस की तुमच्याकडे तीन दिवस बर्फ पडतोय, आणि मध्येच खोकलीस. राकेश म्हणाला होता तसंच, बाजूच्या खोलीत असल्यासारखी. आप्पांनी ते एकट्याने, चाचपडत, हाताच्या अंदाजाने लावलं होतं. वरून त्यांनी विचारलं, "आलं का गं?" मी म्हटलं, "नाही आलं, आप्पा." ते म्हणाले, "मग आणखी फिरवतो." आणि वाकले.

त्यांचं मनगट मी मोडलं. दुसऱ्या शब्दांत लिहिता येत नाही.

आणि चूक कुठे होती, तेही मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपल्या भागातून तो सॅटेलाइट इतका पश्चिमेला पडतो की नाक सरळ बसवून चालत नाही, काटकोनाच्या निम्म्याहून जास्त पिळावं लागतं. राकेशने छत्री देतानाच कागदावर आकृती काढून दिली होती. तो कागद मी दुकानातल्या खणात ठेवला आणि नाक सरळ बसवलं. छत्री अगदी बरोबर रोखली होती मी, मेघा. त्यात काही खोट ठेवली नव्हती. फक्त नाक पिळलं नाही.

आता त्याच्या आधीचं.

आई गेली तेव्हा तू नऊ दिवस आली होतीस. जलदान विधी झाला आणि दुसऱ्या दिवशी आप्पांनी मोर्स ठोकायची त्यांची पितळी 'की' तुझ्या हातात ठेवली. आईच्या दुखण्यात दोन वर्षं ती मी पुसून, तेल घालून ठेवली होती. तुला देताना ते म्हणाले, "हिचा उपयोग तुलाच." मी बाजूला उभी होते. तू नको म्हणाली नाहीस.

तू परत गेलीस आणि दर रविवारी दुपारी दोनला तुझा फोन यायचा. आप्पा बारा वाजता दाढी करायचे. एकपासून फोन मांडीवर घेऊन बसायचे. मी जेवायला वाढलं तर म्हणायचे, "थांब, मेघाचा फोन यील." तुझं बोलणं झालं की संध्याकाळपर्यंत मला तेच सांगायचे, मेघा असं म्हणाली, मेघाच्या कंपनीत असं झालं. त्या वर्षी माझ्या वाढदिवसाला त्यांनी मला तारीख विचारली, मला वाटलं आठवण झाली. त्यांना दुरुस्तीच्या पंख्यावर चिठ्ठी लावायची होती.

पाऊस संपल्यावर एका शनिवारी मी त्यांचा फोन घेतला, तुझा नंबर ब्लॉक केला आणि पुसून टाकला. एक रविवार असा जावा, एवढंच मनात होतं. आप्पा त्या रविवारी पाच वाजेपर्यंत बसून राहिले. पुढच्याही. तू माझ्या फोनवर केलास तेव्हा मी तुला म्हणाले, त्यांना तुझ्याशी बोलायचं नाही, ती पितळी 'की' घेऊन गेलीस त्याचं त्यांना मागाहून वाईट वाटलं. त्यांना म्हणाले, मेघाचा नंबर बंद झालाय.

तिसऱ्या रविवारी त्यांनी दाढी केली नाही. दुपारी दुकानात आले, माझ्या बाजूला स्टुलावर बसले आणि म्हणाले, "दे, काय हाय?" एक जुना व्हॉल्वचा रेडिओ उघडून ठेवला होता. दिवे लागेपर्यंत आम्ही दोघं त्याच्यावर वाकून होतो. ते बोट दाखवायचे, मी डाग द्यायची. रेडिओ सुरू झाला तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तसा रविवार मला अख्ख्या जन्मात मिळाला नव्हता. म्हणून मी तुझा नंबर ब्लॉकमधून सोडला नाही. पुढचा रविवार आला, मग त्याच्या पुढचा.

राकेश कार्ड घेऊन आला त्या दिवशी आप्पा काय बोलले ते मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. ते म्हणाले, "तिला माज्याशी बोलायचं नसंल तर नको बोलू दे. पण आयकायला काय तिची परवानगी लागती? ती बरी हाय एवढं आयकलं का झालं." ते छत्री त्याच्यासाठी बसवत होते. चार वर्षं ते तुझ्यावर रागावलेले नव्हते. आपण तुला नकोसे झालो असं समजून गप्प होते.

नंबर मी आज ब्लॉकमधून सोडवून परत घातला आहे. आप्पांना अजून सांगितलेलं नाही. सांगीन.

तू मला काय म्हणशील ते मला माहीत आहे. लिहू नकोस.

उज्वला

*

कशेळे, २० जानेवारी २०२५

मेघा,

पाच तारखेला, रविवारी, आप्पांना सांगितलं. जेवण झाल्यावर. तुला लिहिलं तसंच सगळं सांगितलं, नाकाचंही.

त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "किती वर्षं झाली?" मी म्हटलं, चार. मग बराच वेळ प्लास्टरवरून दुसरा हात फिरवत राहिले. मला वाटलं ओरडतील. आई असती तर तिने मला झोडपलं असतं आणि तासाभराने जेवायला हाक मारली असती. आप्पा उठले, पिशवीत दोन शर्ट आणि गोळ्यांचा डबा टाकला आणि चप्पल शोधायला लागले.

"कुठे निघालात?"

"लोधिवलीला. राकेशकडं."

"आप्पा, हाताला प्लास्टर आहे."

"कान उघडा हाय ना माजा एक? मला पोरीचा आवाज आयकायचाय. तुज्या घरात तो येत नाय."

तुझ्या घरात, म्हणाले. घर त्यांनी बांधलंय.

मी पिशवी घ्यायला गेले, दिली नाही. फोन पुढे केला, तोही घेतला नाही. "हा तुज्याकडंच ठेव. एवढी वर्षं ठेवलास." जीपपर्यंत मी मागे मागे गेले. अंबूबाईंनी विचारलं, "दामूभाऊ, कुठं निघाले?" तर त्यांना म्हणाले, "मेघाकडं." राकेशला मी फोन करून कर्जतला त्यांना उतरवून घ्यायला सांगितलं. तो रोज रात्री मला कळवतो, जेवले, झोपले. रविवारी तुझं ऐकतात आणि ऐकून झालं की बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. राकेशने त्यांना तुझा नंबर मागवून देतो म्हटलं, तर नको म्हणाले. "ज्यानं तोडलंय त्यानंच जोडायचं."

दुकान उघडं ठेवते. गिऱ्हाईक येतं. दुपारचा भात मी अजून दोघांचा टाकते आणि संध्याकाळी फोडणी देऊन एकटीच खाते.

काल साडेचारला मी वर गेले, कापड काढलं. छत्री पडापडीत जरा हलली होती, परत रोखली. मग राकेशची आकृती समोर धरून नाक पिळलं, थोडं थोडं, खुणेपर्यंत. लॅपटॉप वरच नेला होता. आधी पडद्यावर एक सरळ रेघ उमटली, सॅटेलाइटची स्वतःची खूण. मग बाजूला माणसांच्या आवाजांचे पट्टे. मी त्यातला एक दाबला आणि तू निघालीस. ऊन होतं तोवर आवाज हळूहळू सरकत होता, नाक तापलं की असं होतं ना गं? ऊन उतरलं तसा स्थिर झाला. स्वच्छ. मी आजवर केलेल्या कामांतलं सगळ्यात चोख काम.

तू हसत होतीस. एक इटलीचा म्हातारा काहीतरी विनोद करत होता आणि तू आईसारखी, तोंडावर हात धरून हसल्यासारखी हसत होतीस. मी पूर्ण अर्धा तास ऐकलं. मला वाटलं होतं, सगळं सांगून टाकल्यावर तुझ्याबद्दलची ही आग विझेल. नाही विझली. तुला इतकी माणसं आहेत. परक्या देशातली, न बघितलेली, तुझं नाव घेऊन हाक मारणारी. आणि इथे असलेलं एक माणूसही तुझंच.

"लागलं" म्हणून सांगायला जिन्याखाली कुणी नव्हतं. मी लॅपटॉप बंद केला.

उज्वला

*

कशेळे, ३ फेब्रुवारी २०२५

मेघा,

काल आपण बोललो, म्हणजे तू आप्पांशी बोललीस. तुला तिकडून दिसलं नाही ते लिहिते.

दुपारी दोनला आप्पांचा फोन वाजला तेव्हा मी घरात एकटी होते. नाव मीच परत घातलेलं, मेघा. तीनदा वाजला, मी तिन्ही वेळा उचलला नाही. फोन माझा नव्हता. मग दार ओढून घेतलं आणि जीप पकडली. कर्जतला टेंपो मिळेना, चौककडे जाणाऱ्या एका वीटवाल्याने पुढे बसवून घेतलं. लोधिवलीला पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. आप्पा ओट्यावर बसले होते. प्लास्टर दहा-बारा दिवसांपूर्वी निघालेलं, मनगट बारीक झालंय आणि पांढरं पडलंय.

मी म्हटलं, "आप्पा, मेघाचा फोन येऊन गेला. तीनदा."

ते म्हणाले, "मग? काय म्हनाली?"

"मी उचलला नाही. तुम्हाला होता."

"लाव," म्हणाले. मी लावला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मान हलवली. "आधी तू बोल. मी कायबी सांगनार नाय तिला."

तेवढ्यात तू उचललास. "आप्पा?" म्हणालीस. इतकी धावत आल्यासारखी. मला आजवर कुणी तसा आवाज दिलेला नाही. तो आवाज माझ्यासाठी नाही हे मला कळत होतं आणि तरी तो माझ्याच कानात पडला होता. मी म्हटलं, "मी उज्वला."   राकेशची बायको रूपाली चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. मला काय म्हणायचं होतं ते मी जीपमध्ये पाठ करून गेले होते, त्यातलं एक अक्षर आठवेना. मी एवढंच म्हणाले की चूक माझी होती, सगळी. तू विचारलंस, "आप्पा आहेत?" मी म्हटलं, समोर बसलेत. तू म्हणालीस, "दे."

आणि मी दिला. पण त्यांना तो धरता येईना. उजव्या हातात अजून ताकद नाही, आणि डाव्या हाताने डाव्या कानाला लावला तर ऐकूच येत नाही, उजव्याशी आडवा धरला तर सारखा निसटतो. मी म्हटलं, स्पीकर लावते. "नको, परक्याचं घर हाय," म्हणाले. म्हणून मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिले आणि फोन कानाशी धरला.

पाऊण तास बोललात तुम्ही. मी हात बदलू शकले नाही, कारण हललं की आप्पा बोट वर करायचे, थांब म्हणून. मला तुझं सगळं ऐकू येत होतं. तुझं लग्न मोडल्याचं मला माहीत नव्हतं, मेघा. दोन वर्षांपूर्वी तू दवाखान्यात होतीस आणि कुणाला कळवावं हे तुला सुचेना, हे माहीत नव्हतं. तू रडलीस तेव्हा आप्पा "हाय मी, हाय मी" एवढंच म्हणत होते. मी तुझा हेवा करत बसले त्या दिवसांत तू तिकडे एकटी होतीस. मला वाटायचं, तुझ्याकडे सगळं आहे.

तू एकदा विचारलंस, "ताई कुठेय?" आप्पा म्हणाले, "हितंच हाय. फोन धरून उभी हाय." तू पुढे काही बोलली नाहीस. मला तेवढं पुरलं. त्याहून जास्त मागायचं माझं तोंड नाही.

फोन ठेवल्यावर माझा दंड इतका आखडला की खाली येईना. आप्पांनी आपल्या त्या बारीक मनगटाच्या हाताने तो धरला आणि हळूहळू खाली आणला. माफ केलं असं काही ते म्हणाले नाहीत. रूपालीचा निवलेला चहा प्यायले आणि म्हणाले, "चल, जीप चुकंल." येताना दोघं मागच्या सीटवर होतो. त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. घरी आल्यावर जेवले आणि झोपले. माझ्याशी आज सकाळपासून फारसं बोललेले नाहीत, चार-दोन शब्द. अंबूबाईंना मात्र रस्त्यावर थांबवून सांगितलं की मेघा एप्रिलमध्ये येतेय.

तुझी जुनी खोली मी दुकानाच्या सामानाने भरली होती, ती रिकामी करते आहे. विमानतळावर आप्पा आणि राकेश येतील. मी येणार नाही. तुम्ही दोघं भेटाल तेव्हा मी बाजूला उभी राहून हसेन असं आज तरी मला खात्रीने लिहिता येत नाही, आणि यापुढे तुला खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलंय. अजून जळतं गं. पहिल्याएवढं नाही, पण जळतं.

पण तू येशील तेव्हा मी घरीच असेन. दुकान बंद ठेवून. दार मी उघडीन.

तुझी ताई,
उज्वला